पंप दप्तरातच राहू द्या

"दम्याचा पंप शाळेत पाठवू नका, सवय लागते" हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. एरवी असलं काही मी न वाचता उडवते. पण तो वाचून माझ्या बहिणीने चौथीतल्या लेकीच्या दप्तरातून पंप काढून ठेवला, म्हणून लिहिणं भाग आहे.

सवय? पोरीला दमा आहे म्हणून पंप लागतो, पंप घेतला म्हणून दमा झालेला नाही. पुढे म्हणे, पंप कडक, त्यापेक्षा सिरप द्या. अहो, औषध तेच, श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल. निळ्या पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतं आणि ५ मिली सिरपमध्ये २ मिलिग्रॅम, म्हणजे वीस पफांइतकं! शिवाय ते पोटातून अंगभर फिरणार, हात थरथरणार, छाती धडधडणार. मग कडक कोण?

आता सगळ्यात भयंकर सल्ला: "शाळेत धाप लागली तर कोमट पाणी आणि ओव्याची पुरचुंडी द्या. पंप ऑफिसच्या कपाटात कुलपात असू द्या." पाणी पोटात जातं. आवळलेल्या असतात त्या श्वासनळ्या. पीटीच्या तासाला पोरगी मैदानावर धापा टाकतेय, पोटात खड्डा पडतोय, बोलताना वाक्य पुरं होत नाही. आणि कपाटाची किल्ली क्लार्ककडे, क्लार्क बँकेत. पफ काही मिनिटांत काम करतो, ती मिनिटं किल्ली शोधण्यात घालवायची? इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय असा पंप विकत घेऊन अडीअडचणीसाठी ठेवता येतो, आणि तो कुलपात ठेवू नका असं तिथल्या आरोग्य खात्याच्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय.

"दुसरी मुलं ओढतील." एखादं ओढेलही. थोडा वेळ हात थरथरतील, धडधडेल. पंपावर नाव घाला, लहान मूल असेल तर बाईंच्या टेबलावर ठेवा. विषय संपला.

"पंपाने उंची खुंटते." यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासात लहानपणी काही वर्षं रोज पंपातून ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड घेतलेल्यांची उंची मोठेपणी सरासरी १.२ सेंटीमीटर कमी भरली. पण तो स्टेरॉइडचा पंप वेगळा, तो सहसा घरी सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. दप्तरातला निळा वेगळा. मेसेजवाल्याने दोन्ही एकाच पिशवीत कोंबलेत. आणि हो, निळा पंप वारंवार लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांकडे जायलाच हवं. पण म्हणून तो दप्तरातून काढायचा?

शाळेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या: किती पफ, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) कसा लावायचा, आराम पडला नाही तर १०८. आणि पंपाची तारीख बघून घ्या. बहिणीने काढून ठेवलेला मार्चमध्येच संपला होता, नवीन काल आणलाय.