खातं बदललं म्हणून पोटगी वसूल होत नाही

‘अमेरिकेत मुलांच्या पोटगीची वसुली सरकारी वकिलांकडून काढून दुसऱ्या खात्याला दिली, तेव्हा बुडवे बाप सुतासारखे सरळ आले. आपल्याकडेही ती महसूल खात्याकडे द्या,’ हा दावा वारंवार पुढे केला जातो.

काम काढून घेतलं, हे खरं. कॅलिफोर्नियाने 1999 च्या कायद्याने 58 कौंटींतल्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांतल्या) डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नींकडून, म्हणजे सरकारी वकिलांकडून, ते काढलं आणि वेगळं राज्यखातं उभारलं. निवडून आलेले हे वकील आपापल्या मर्जीने चालत. निदान आता राज्यात जाब विचारायला एक जागा झाली. पण कौंटीतले बरेचसे कर्मचारी तेच राहिले, पाटी बदलली. खरं दुखणं होतं संगणकाचं. वसुलीच्या राज्यभराच्या संगणक यंत्रणेचं कंत्राट 1997 मध्ये गुंडाळावं लागलं होतं, आणि केंद्राची मान्यता मिळालेली यंत्रणा आली थेट 2008 मध्ये. ती वेळेत न उभारल्याबद्दल राज्याने केंद्राला एक अब्ज डॉलरहून जास्त दंड भरला.

‘करखात्याचा धाक असतो,’ असंही सांगतात. फ्लोरिडाने 1994 मध्ये हे काम महसूल खात्याला, म्हणजे तिथल्या करखात्याला, दिलं. टेक्ससमध्ये ते अ‍ॅटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाकडे आहे. हत्यारं दोघांची सारखीच, कारण ती केंद्रीय कायद्यातून येतात: पगारातून परस्पर कपात, नव्या नोकरदाराची 20 दिवसांत नोंद, करपरताव्यावर टाच, 2,500 डॉलरच्या वर थकबाकी गेली की पासपोर्ट बंद. वसुलीतला सर्वांत मोठा वाटा पगारकपातीचा. तिथे धाकाचा प्रश्नच येत नाही. पैसे बापाच्या हातात पडण्याआधीच कापले जातात.

आणि सगळे ‘बुडवे’ही नव्हेत. कॅलिफोर्नियाच्या सुमारे 14 अब्ज डॉलर थकबाकीचा 2003 मध्ये अभ्यास झाला, तेव्हा दहा वर्षांत जेमतेम पाव रक्कम हाती लागेल असा अंदाज निघाला. थकबाकीदारांत तुटपुंज्या कमाईचे पुष्कळ. पोटगीचे कित्येक हुकूम बाप कोर्टात गैरहजर असताना, कमाई गृहीत धरून झालेले. वर 10 टक्के व्याज. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता आपल्याकडची मागणी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 144 खालची थकलेली पोटगी दंडासारखी वसूल होते, आणि दंडवसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवून ती जमीनमहसुलाची थकबाकी म्हणून वसूल करायची तरतूद कायद्यात आधीपासून आहे. म्हणजे महसूल खातं या वाटेवर आहेच. अडतं ते दुसरीकडे: नवरा नोकरी बदलून कुठे गेला, हे बाईलाच शोधावं लागतं आणि रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत अर्जही तिनेच करायचा. फाइल तहसीलदाराच्या टेबलावर गेली तरी त्याला तो पत्ता कोण देणार?