‘सौम्य’ आम्ल म्हणजे निरुपद्रवी आम्ल नव्हे

परीक्षा जवळ आली की मुलांच्या मोबाइलवर तीन ओळी फिरू लागतात: ‘सौम्य आम्ल निरुपद्रवी, तीव्र आम्ल घातक. सामू जितका कमी तितकं आम्ल तीव्र. तीव्र आम्लात भरपूर पाणी घातलं की ते सौम्य होतं.’ तिन्ही चूक. पहिली तर जिवावर बेतणारी.

शेवटच्या ओळीपासून बघू. पाण्याने आम्ल विरल होतं, सौम्य नाही. लिटरभर द्रावणात आम्ल किती, हे ‘संहत-विरल’ सांगतं. त्यातले किती रेणू फुटून हायड्रोजन आयन देतात, हे ‘तीव्र-सौम्य’. विरल हायड्रोक्लोरिक आम्लातही जवळजवळ सगळे रेणू फुटलेलेच असतात. ॲसेटिक आम्लात मात्र फुटणं आणि परत जुळणं एकाच वेळी चालू असतं. त्याच्या ०.१ मोलर (मोलर हे संहतीचं एकक) द्रावणात शंभरातला जेमतेम एखादा रेणू फुटलेला सापडतो. पाणी घालून ते ०.००१ मोलर करा, प्रमाण १२ टक्क्यांच्या वर जातं. पाण्याने विचरण, म्हणजे रेणूंचं फुटणं, उलट वाढलं! बदलत नाही तो विचरण स्थिरांक, म्हणजे फुटणं आणि परत जुळणं यांचा समतोल सांगणारा आकडा: २५ अंश सेल्सिअसला १.८ × १०⁻⁵. सौम्यपणा ठरतो तो या आकड्यावरून.

सामू (pH) द्रावणात हायड्रोजन आयन किती हे सांगतो; ते जास्त तितका सामू कमी. त्याचं उत्तर अशाच द्रावणांत आहे. ०.१ मोलर ॲसेटिक आम्लाचा सामू सुमारे २.९, ०.००१ मोलर हायड्रोक्लोरिकचा ३. कमी सामू सौम्य आम्लाचा निघाला.

आता पहिली ओळ. सौम्य साबण, सौम्य औषध असं आपण रोज म्हणतो, त्यामुळे हा शब्द ऐकताच माणूस निर्धास्त होतो. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. काच कोरायला वापरतात ते हायड्रोफ्लुओरिक आम्ल रसायनशास्त्राच्या हिशेबात सौम्यच आहे. स्थिरांक सुमारे ६.८ × १०⁻⁴. गंजाचे डाग काढायच्या काही द्रावणांतही ते असतं. त्याचे न फुटलेले, विद्युतभार नसलेले रेणू कातडीतून सहज आत उतरतात. आत गेल्यावर सुटे झालेले फ्लुओराइड आयन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतात, आणि रक्तातलं कॅल्शियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. विरल द्रावण सांडलं तर कातडीवर सुरुवातीला काहीच दिसत नाही, वेदना काही तासांनी सुरू होते. म्हणून हे आम्ल अंगावर उडालं तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धुवायचं, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावायचं, आणि काही दुखत नसलं तरी रुग्णालय गाठायचं.