डाळीच्या पाण्यावर बाळ वाढत नाही

गेल्या आठवड्यात अमळनेरहून माझ्या भाचीने एक मेसेज पुढे पाठवला. तिची मुलगी साडेचार महिन्यांची आहे, फक्त अंगावर पिते, वजन छान वाढतंय. मेसेजचं नाव ‘बाळाला पहिलं अन्न कधी? जुन्या जाणत्यांचे सात नियम’. त्याखाली भाचीने लिहिलं होतं, ‘मावशी, सासूबाई म्हणताहेत येत्या रविवारी उष्टावण करून सुरू करू. काय करू?’ नंतर तोच मेसेज मला गल्लीच्या ग्रुपवर दिसला, भिशीच्या ग्रुपवर दिसला आणि सगळीकडे खाली जोडलेले हात. मी डॉक्टर नाही. पण चोपडा-यावलच्या पट्ट्यात अंगणवाड्यांमधून मुलांची वजनं घेण्यात माझी नोकरीची वर्षं गेली आहेत, आणि हे वाचून गप्प बसणं मला जमत नाही.

नियम थोडक्यात असे. चार महिन्यांनी आईचं दूध पाण्यासारखं होतं. बाळ मुठी चोखू लागलं, रात्री उठू लागलं, जेवणाऱ्याकडे बघू लागलं की ते भुकेलं आहे. मुलीला पाचव्यात आणि मुलाला सहाव्यात अन्न द्यावं. खान्देशच्या उन्हात तिसऱ्या महिन्यापासून पाणी आणि मध हवंच. दात येईपर्यंत डाळीचं पाणी आणि पेज, घट्ट काही नको. केळं, अंडं, शेंगदाणा वर्षभर वर्ज्य. आणि खाणं सुरू झालं की अंगावरचं तोडून दुधात बिस्कीट किंवा डब्यातली पावडर द्यावी.

सातही नियम एका बाळावर लावून बघा. त्याला अन्नाची गरज नसते तेव्हा पाणी, मध आणि पेज पाजून दूध कमी करायचं. खरी गरज सुरू होते तेव्हा दात नाहीत म्हणून त्याच पाण्यावर ठेवायचं. आधी नको ती घाई आणि नंतर नको तो उशीर, दोन्ही त्याच बाळाच्या वाट्याला.

दुधापासून सुरुवात करते. आईच्या दुधात साधारण 88 टक्के पाणी असतं. ते पहिल्या महिन्यात असतं, सहाव्यात असतं, वर्षानंतरही असतं. पातळ दिसतं म्हणून त्यातला कस गेला, हा निष्कर्ष म्हशीच्या दुधावरची साय बघायची सवय असलेल्या डोळ्यांचा आहे. ‘पोऱ्याले दूध पुरस नही’ हे मी किती ओट्यांवर ऐकलं असेल! बहुतेक वेळा बाळ काट्यावर ठेवलं की वजन नीट वाढलेलं निघायचं. दिवसातून सहा-सात वेळा लघवी होतेय आणि लसीच्या कार्डावरची वजनाची रेघ वर चढतेय, तर दूध पुरतंय. सहा महिन्यांच्या सुमारास बदलतं ते बाळ. त्याच्या वाढत्या अंगाला जास्त ऊर्जा लागते आणि जन्मताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा संपत येतो. दूध तितकंच चांगलं असतं, पण आता ते एकटं पुरत नाही. म्हणून वरचं खाणं.

इथे सासूबाईंच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते. त्यांच्या वेळी डॉक्टर खरंच चार महिने सांगायचे. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी शिफारस चार ते सहा महिने अशी होती. बाळाच्या डब्याबंद आहाराबद्दलच्या आपल्या 1992 च्या कायद्यातही आधी चार महिने होते, 2003 च्या दुरुस्तीत ते सहा झाले. म्हणजे त्यांनी मनाने काही केलं नव्हतं. पण 2001 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून संघटनेने पूर्ण सहा महिने फक्त आईचं दूध ही शिफारस केली, आणि 2023 च्या नव्या सूचनेतही तेच कायम आहे: सहा महिने म्हणजे 180 दिवस झाल्यावर वरचं अन्न, आणि अंगावरचं दोन वर्षं किंवा त्याहूनही पुढे. युरोपातले काही बालरोगतज्ज्ञ चार महिन्यांनंतर हळूहळू सुरू करायला हरकत नाही म्हणतात, हेही खरं. ते घट्ट, चांगल्या अन्नाबद्दल बोलतात. या मेसेजातल्या पाण्याला त्यांचाही आधार मिळत नाही.

‘मुलीला पाचव्यात’ या नियमाचा मला सगळ्यात राग आला. पाचवा महिना चालू म्हणजे चारच पूर्ण झालेले. मुलीचं आतडं मुलापेक्षा महिनाभर आधी तयार होत नाही आणि तिचा लोहाचा साठाही आधी संपत नाही. परंपराच हवी असेल तर गृह्यसूत्रांनी अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितलं आहे. उष्टावण जरूर करा, मामाच्या मांडीवर बसवा, चांदीची वाटी काढा. फक्त सहा पूर्ण झाल्यावर करा. मामा तेव्हाही येईल.

बाळ तयार आहे हे ओळखायचं कसं? मेसेजात दिलेल्या खुणांपैकी मूठ चोखणं ही तीन-चार महिन्यांच्या प्रत्येक बाळाची वाढीची पायरी आहे. रात्री उठणं तर वर्षभर चालतं. आणि पेज पाजली म्हणून बाळ रात्रभर झोपतं असं मी तरी पाहिलेलं नाही. जेवणाऱ्याकडे बघणं ही अर्धी खूण मानते, कारण बाळ नुसतं बघत नाही तर हात घालून भाकरीचा तुकडा उचलतं आणि नेमका तोंडात नेतं, तेव्हा ती खरी खूण असते. तिच्याबरोबर आणखी दोन हव्यात. आधार देऊन बसवलं की मान डगमगत नाही, आणि चमच्यातलं अन्न जिभेने बाहेर ढकलायचं थांबलेलं असतं. चार महिन्यांच्या बाळाच्या तोंडात चमचा घातला की जीभ तो परत बाहेर लोटते. घरचे म्हणतात, चव आवडली नाही. चवीचा इथे संबंध नाही, ती गिळण्याची तयारी अजून झालेली नसते. या तिन्ही खुणा बहुतेक बाळांत सहा महिन्यांच्या आसपासच एकत्र येतात.

आता पाणी आणि मध. आपलं ऊन मला माहीत आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगाव 45 अंशांच्या घरात जातं, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. पण अंगावरच्या दुधातच बाळाला लागणारं पाणी असतं. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्याच उष्ण, कोरड्या हवेत फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांची लघवी तपासली होती, त्यांना पाणी कमी पडत नव्हतं. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा पाजा आणि आईने पोटभर पाणी, ताक प्यावं. तीन महिन्यांच्या बाळाला वाटीभर पाणी पाजलं तर तेवढं दूध कमी जातं, आणि टँकरच्या पाण्याबरोबर हगवण घरात येते.

मधाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण इथे जीव जाऊ शकतो. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. आपल्या पोटात ते काही करत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजतात आणि विष तयार करतात. आधी शौचाला होत नाही, मग रडणं क्षीण होतं, चोखण्याची ताकद जाते, मान टाकली जाते, श्वासापर्यंत पोहोचतं. मध गरम करून किंवा उकळून हे बीजाणू मरत नाहीत, आणि शेतातल्या पोळ्याचा शुद्ध मध असला तरी फरक पडत नाही. गुटीत उगाळूनही नको आणि बोटावर चाटवूनही नको. वर्ष झाल्यावर खुशाल द्या.

आता डाळीचं पाणी. जास्तीत जास्त मुलं मी याच नियमापायी वाळताना पाहिली आहेत.

कुकर उघडतो. डाळ तळाला बसलेली असते, वर पिवळसर पाणी. ते पळीने अलगद वरून काढतात, कण आला तर गाळणीतून गाळतात, चिमूटभर मीठ घालतात आणि बाळाला पाजतात. तळातली डाळ घोटून, फोडणी देऊन घरातली मोठी माणसं खातात. वाटीभर पाणी संपलं की आजी समाधानाने सांगते, आज पोरगं चांगलं जेवलं. त्या वाटीत डाळ जवळजवळ नसतेच.

हिशोब करून बघा. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण 30 मिली मावतं. सात किलोच्या बाळाचं पोट 200 मिलीच्या आसपास भरतं. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे 200 कॅलरी लागतात. पोट पाण्याने भरलं तर ते दूधही पीत नाही आणि त्या 200 पर्यंतही पोहोचत नाही. उलट एका छोट्या चमच्याभर तुपात 40 च्या आसपास कॅलरी असतात. तळाची डाळ मऊ भातात कालवून त्यावर तो चमचा सोडला तर चार-पाच घासांत काम होतं. अन्न किती घट्ट असावं ते चमच्यावरच कळतं: चमचा तिरपा केला तर घास हळू सरकला पाहिजे, ओघळून जाता कामा नये.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात अकरा महिन्यांच्या मुलाचं कार्ड मी हातात घेतलं होतं. सहा महिन्यांपर्यंत वजनाची रेघ हिरव्या पट्ट्यात नीट चढलेली. तिथून पुढे ती आडवी, मग खाली. मुलाचे तळहात पांढुरके पडले होते. घरात दादर जातीच्या ज्वारीचं पोतं होतं, तूर होती, दारात शेवगा होता, कोंबड्या होत्या. आजीचं म्हणणं एकच, दात नाही आले, चावणार कशाने? त्या घरात गरिबी होती, पण मुलाचं वजन उतरलं ते या समजुतीमुळे.

बाळ हिरड्यांनी चावतं. त्याच्या तोंडात बोट घालून बघा, केवढा दाब असतो. पहिला दात कोणाला पाचव्या महिन्यात येतो, कोणाला वर्षाला. त्याची वाट बघण्यात लोह आणि प्रथिनांची सगळ्यात जास्त गरज असलेले महिने निघून जातात. आणि नऊ-दहा महिन्यांपर्यंत फक्त पातळच मिळालेलं मूल पुढे घास तोंडात धरून बसतं, थुंकतं, ओकतं. मग ‘जेवतच नाही’ म्हणून डॉक्टरांच्या दारात रांग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकी दुधाबरोबर घट्ट किंवा निमघट्ट अन्न मिळणारी जेमतेम 46 टक्के निघाली. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी 11 टक्के.

तर सहा पूर्ण झाल्यावर दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा सुरुवात करा. घोटलेलं मुगाचं किंवा तुरीचं वरण आणि मऊ भात, वरणात भिजवून कुस्करलेली भाकरी, उकडलेला बटाटा, भोपळा, पालक. आठव्या महिन्याच्या शेवटी अर्धी वाटी, दोन-तीन वेळा. नऊनंतर कण राहू द्या, बोटाने उचलता येतील असे मऊ तुकडे द्या, तीन-चार वेळा. मीठ, साखर आणि गूळ वर्षभर नको, बाळाला त्यांची कमी वाटत नाही.

राहिलेले नियम एका दमात. केळ्याने कफ होतो म्हणे. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत राहणारी माणसं बाळाच्या तोंडचं केळं काढून घेतात, याचं मला वाईट वाटतं. पिकलेलं केळं कुस्करून द्या, कफ विषाणूंमुळे होतो. अंडं पूर्ण शिजवून सहा महिन्यांनंतर चालतं. शेंगदाण्याचं तर उलटंच दिसलंय: 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ अभ्यासात, ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा दिला तेव्हा पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी खूप कमी झाली. मात्र बारीक कूट वरणात मिसळूनच द्या. अख्खा दाणा, फुटाणे, अख्खी द्राक्षं लहान मुलांना नकोत, घशात अडकतात. बाळाला आधीच मोठा इसब असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा.

अंगावरचं तोडायचं कशासाठी, ते मेसेज सांगतच नाही. सहा महिने ते वर्षापर्यंत बाळाची निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा दुधातूनच येते, दुसऱ्या वर्षात एक तृतीयांश. खाणं दुधाच्या जोडीला येतं, जागी नाही.

दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ, वजन न वाढणारं बाळ, जन्मजात आजार असलेलं बाळ यांचा निर्णय बालरोगतज्ज्ञांनी घ्यायचा, मी नाही आणि मेसेजनेही नाही. बाकीच्यांसाठी आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येते, तेव्हा कार्ड काढून तिला विचारा. लोहाचं औषधही सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा एक मिली असं तिच्याकडून मिळतं. बिस्किटात मैदा, साखर आणि तेल यापलीकडे फारसं काही नसतं. पावडरच्या डब्यावर पैसे घालण्याआधी अंगणवाडीतून सहा महिन्यांनंतर मिळणारा घरी न्यायचा आहार मागून घ्या, शिजवा आणि तो बाळाच्याच वाटीत घाला. अनेक घरांत तो मोठ्यांच्या ताटात किंवा गुरांपुढे जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.