पाच कोंबड्या पाळणाऱ्या बाईच्या दारातही लस पोचली पाहिजे

उन्हाळा लागला की गावोगाव खुराडी रिकामी व्हायला लागतात. कोंबडी पंख लुळे टाकून बसते, हिरवट पातळ विष्ठा टाकते, मान पिळवटते आणि दोन-चार दिवसांत मरते. आळीत एका घरी मर लागली की बघता बघता सगळ्यांची खुराडी साफ. आमच्या संगमनेर-अकोले तालुक्यांकडे मानमोडी म्हणतात तो हाच राणीखेत रोग. त्यावर औषध नाही. लस आहे, स्वस्त आहे आणि कित्येक वर्षांपासून आहे. तरी ती परसात पोचत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

अडचण साधीच आहे. लशीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची. एकदा कालवली की बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते. पोल्ट्रीवाला हजारो पक्षी एका सकाळी उरकतो. पाच कोंबड्यांची मालकीण ती बाटली घेऊन काय करणार? आणि अशा मालकिणी काही थोड्या नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत देशभरातल्या परसातल्या कोंबड्या ३१ कोटींच्या वर भरल्या, २०१२ पेक्षा जवळपास ४६ टक्के जास्त.

या कोंबड्या कुणाच्या, हे बघा. कांदा-टोमॅटोची पट्टी घरच्या पुरुषाच्या नावावर येते. अंड्यांचे पैसे बाईच्या हातात राहतात. माझ्या चुलतीने शेळीची करडं विकून मुलीची कॉलेजची फी भरली, कुणापुढे हात पसरला नाही. शेळी पाच महिन्यांत विते, बऱ्याचदा जुळी देते. तिलाही पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस लागते, कारण कोवळ्या गवतावर तुटून पडलेली धडधाकट शेळी एका रात्रीत जाते.

परसातलं सगळं एकमेकांवर चालतं. मोरीचं पाणी अळूला आणि केळीला. मांडवावर घोसाळी, दोडका, वाल. कुंपणाला शेवगा, त्याचा छाटलेला पाला शेळीला. भाजी निवडून उरलेलं आणि सांडलेले दाणे कोंबड्यांना. लेंडीखत वाफ्यात. कोंबडीची विष्ठा ताजी घातली तर रोपं करपतात, म्हणून ती आधी उकिरड्यात मुरवायची. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाण्यांच्या कामासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा परसबागेकडे शिकलेली माणसंही आदराने बघायला लागली. खुराड्याच्या वाट्याला तो आदर अजून आलेला नाही.

सरकारी योजनेत तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणि कोंबडे अनुदानावर मिळतात, एकदिवसाची पिल्लंही मिळतात. चांगलंच आहे. वनराजा, गिरिराजा या जाती अंडी भरपूर देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणजे पुढची पिल्लं पुन्हा विकत आणा. गावठी कोंबडी अंडी कमी देईल, पण एकवीस दिवस बसून स्वतः पिल्लं काढते आणि घारीवर धावूनही जाते. माझं मत स्पष्ट आहे: नवीन पक्षी वाटण्याआधी आहेत ते जगवा.

हे अवघड नाही. बचत गटाने आळीची यादी करावी, कुणाकडे किती कोंबड्या आणि किती पिल्लं. शंभरेक पक्षी सहज भरतात. पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून फेब्रुवारीतला एक दिवस ठरवावा, पहाटे खुराडी उघडायच्या आत. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा या राणीखेतच्या लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठ आठवड्यांच्या पुढच्यांना आर-टू-बी ही त्याच रोगाची दुसरी लस टोचायची. थेंब घालायला गावातल्याच एक-दोन मुलींना शिकवता येतं. बर्फाची पेटी ग्रामपंचायतीने घ्यावी, रस्त्यांच्या खर्चापुढे ती रक्कम काहीच नाही.

शहर सोडून गावी घर बांधलेल्या आणि हौसेने कोंबड्या पाळणाऱ्या मित्रांनो, तुम्हीही बाटली आणाल तेव्हा शेजारच्या घरांना आधी निरोप द्या. तुमच्या चार-सहा कोंबड्यांना टोचून उरलेली लस फेकूनच द्यायची असते.

ज्यांच्या गावात असं एकत्र लसीकरण चालतं, त्यांनी कसं जमवलं ते खाली सविस्तर लिहा. आमच्या आळीची यादी करायला मी या आठवड्यात बसतोय.