‘मधल्या काळात तर तो चांगलाच असतो’ या आक्षेपाविषयी

सप्रेम नमस्कार.

बायपोलर विकारात उन्माद (मनाचा अनावर, अतिउत्साही भर) आणि नैराश्य ठरावीक काळापुरतेच येतात, मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो, तरीही शेतीची कामे पडून राहत असतील तर तो आळस आहे आणि माझ्या लेखाने त्यावर पांघरूण घातले, असे आपण लिहिले आहे. हे मला मान्य नाही.

हा मधला काळ आपण समजता तेवढा मोकळा नसतो. रुग्णांची बारा वर्षांहून अधिक काळ नोंद ठेवून 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, पहिल्या प्रकारच्या (ज्यात पूर्ण तीव्रतेचा उन्माद येतो अशा) बायपोलर रुग्णांचे जवळजवळ निम्मे आठवडे कोणत्या ना कोणत्या लक्षणांत गेल्याचे आढळले, आणि त्यांत नैराश्याचे आठवडे उन्मादाच्या तिपटीहून अधिक होते. लक्षणे पुष्कळदा सौम्य असल्याने घरच्यांना दिसतात ती फक्त राहिलेली कामे.

माझ्या परिचयातील रावेरकडील एका केळी उत्पादकाने उन्मादाच्या भरात झोप सोडली, उधारीवर टिश्यूकल्चरची रोपे उचलली आणि ठरलेल्या व्यापाऱ्याशी भांडण केले. पुढे नैराश्यात ठिबकमधून खत सोडायला व्हॉल्व्ह फिरवणेही त्यांना होईना. मळ्यात जात, बांधावर बसत आणि तसेच परत येत. दोन्ही ओसरल्यावर आलेले ‘चांगले’ दिवस ती उधारी आणि ते भांडण निस्तरण्यात गेले, आणि त्यातही हिशेब पुन्हा पुन्हा चुकत राहिला, कारण मनःस्थिती सावरली तरी एकाग्रता आणि स्मरणशक्ती अनेक रुग्णांत लगेच सावरत नाहीत. याला आळस म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

जबाबदारी रुग्णाचीही आहे, हे आपले म्हणणे मात्र पटते. गोळ्या न चुकवणे आणि झोपेची वेळ पाळणे हे त्याचेच काम आहे. पण झोपमोडीने उन्माद उसळू शकतो हे ठाऊक असताना, लाईट रात्रीची आहे म्हणून केळीला पाणी द्यायला त्यालाच पाठवणाऱ्या घराचे काय?

गोळ्यांसाठी आग्रह धरणारे घरचे लोक त्या गोळ्यांसोबत घ्यायची काळजीही विसरतात. भुसावळ-जळगावच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात घामावाटे अंगातील पाणी आणि मीठ घटले, की या विकारावर दिल्या जाणाऱ्या लिथियम या औषधाची रक्तातील पातळी वाढू शकते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळीनेही तेच होते. लिथियम घेणाऱ्या रुग्णाचे हात जास्त थरथरू लागले, उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर ऊन लागले असे समजून घरगुती उपायांवर न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि लिथियमसाठी रक्त तपासून घ्यावे.