शार्लट अमालीची तुळशीबाग

शर्टावरचा डाग काही निघत नाही. आधी साबण झाला, मग लिंबू, मग कुणीतरी सांगितलं म्हणून खोबरेल तेल. तेलानं डिंक गेला आणि तेलाचा डाग राहिला. परवा हिनं निकाल जाहीर केला, "आता तो घरातच घाला." चिरंजीवांनी खास या प्रवासासाठी घेतलेला, एकदाच अंगाला लागलेला शर्ट तीन आठवड्यांत भाजी आणायच्या कपड्यांत जमा झाला. डाग गोल आहे, पेढ्याएवढा, बरोबर काळजावर. तिथं १७ नंबरचा स्टिकर होता.

तर चिरंजीव असतात न्यू जर्सीत. त्यांनी आम्हा दोघांना मायामीहून सुटणाऱ्या बोटीवर सात दिवसांसाठी बसवून दिलं आणि चौथ्या दिवशी बोट कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरच्या शार्लट अमाली या गावाला लागली. ही म्हणत होती, गाव छोटं आहे, पायीच हिंडू. मी म्हटलं, परक्या मुलुखात असं नसतं चालत. म्हणून माणशी ४९ डॉलर भरून मीच तिकिटं काढली : 'अर्ध्या दिवसाची सहल, स्थळदर्शन आणि खरेदी'. यातल्या 'आणि'नं माझा घात केला. लग्नपत्रिकेत तळाला 'व समस्त आप्तपरिवार' असतो ना, त्या सहलीत स्थळदर्शनाला तेवढीच जागा होती, हे मला मागाहून कळलं.

धक्क्यावर एका मुलीनं काही न विचारता माझ्या छातीवर १७ नंबर थापला. हिला १८ मिळाला. तो हिनं शहाणपणानं पर्सला चिकटवला.

तिथं सहलीला जे वाहन असतं त्याला सफारी म्हणतात. मालवाहू ट्रकच्या मागच्या भागावर छप्पर टाकायचं, आडवी बाकं बसवायची, बाजू उघड्या ठेवायच्या. आपल्याकडची वडाप जरा श्रीमंत घरात पडली असती तर अशी दिसली असती. ती चालवणाऱ्या बाई ऐसपैस होत्या आणि त्यांचा दरारा मुख्याध्यापिकेचा होता. मी विचारलं, "परत यायला किती वाजतील?" बाई समोर बघत राहिल्या. ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा विचारलं. बाई सावकाश वळून म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." मी म्हटलं, "हो, पण किती वाजतील?" बाई म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." तिसऱ्या खेपेला हिनं मला कोपरानं ढोसलं. मी गुड मॉर्निंग म्हटलं. लगेच बाई हसल्या, दीड वाजता असं उत्तर मिळालं, वर तब्येतीची चौकशीही झाली. त्या बेटांवर रीतच आहे तशी. आधी माणसाला माणूस म्हणून नमस्कार, मग काम. चांगलीच रीत आहे, मी नावं ठेवत नाही. फक्त एवढी माणुसकी झाल्यावर पुढच्याच वाक्यात त्या म्हणाल्या, "सेव्हन्टीन, आत सरका."

रस्ता डोंगरातला, वळणावळणाचा, आणि वाहनं डाव्या बाजूनं चालतात. अमेरिकेच्या झेंड्याखाली असं दुसरीकडे कुठं नाही. ही बेटं डेन्मार्कची होती. शार्लट अमाली हे नावच डेन्मार्कच्या एका राणीचं. १९१७ साली अमेरिकेनं ती अडीच कोटी डॉलरचं सोनं मोजून विकत घेतली. बेटं घेतली, पण रस्त्याची बाजू बदलायची राहून गेली. गाड्या मात्र अमेरिकेहून येतात, त्यामुळे स्टिअरिंगही डावीकडे आणि गाडीही डावीकडे. चालकाला दरी अगदी जवळून दिसते आणि समोरून येणारा ट्रक मुळीच दिसत नाही. शेजारचा अमेरिकन गृहस्थ डोळे मिटून बसला होता. आम्ही दोघं निवांत होतो. वरंध घाट पाहिलेल्या माणसाला आणखी काय दाखवणार?

पहिलं स्थळ ड्रेक्स सीट. तिथं दगडी बाक आहे. इंग्रज दर्यावर्दी ड्रेक तिथून स्पॅनिश जहाजांवर नजर ठेवायचा म्हणे. खाली मेगन्स बेचा अर्धचंद्र, पांढरी वाळू, आणि पाण्याचा रंग असा की कॅलेंडरवाल्यांनी उगाच वाढवलेला असतो असं मी आजवर समजत होतो, त्यांची माफी मागावी. थांबा सात मिनिटांचा. त्यातली पाच बाकाच्या रांगेत गेली, कारण प्रत्येकाला बाकावर बसून, समुद्राकडे पाठ करून फोटो हवा होता.

दुसरं स्थळ डोंगरमाथ्यावर. तिथून आणखी बेटं दिसतात, पण त्या सज्जापर्यंत पोचायला टोप्या, टॉवेल, शंखांचे दिवे आणि केळ्याची दारू यांच्या दुकानातून आरपार जावं लागतं. आपल्याकडे देवळापर्यंत पोचायला प्रसादाच्या दुकानांतून जावं लागतं, पण निदान शेवटी देव तरी असतो. इथं सज्जातून परतायचा रस्ताही त्याच दुकानातून.

खाली उतरताना रस्त्यावरून एक मुंगूस आडवं गेलं. मी आपसूक मनात इच्छा धरली. मुंगूस दिसणं शुभ, हे माझ्या आजीनं शिकवलेलं. ही प्रजा तिथली नव्हे, आपली. उसातले उंदीर मारायला १८७२ साली कोलकात्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली आणि तिथून ती बेटोबेटी पसरली. पण उंदीर बाहेर पडतो रात्री आणि मुंगूस दिवसा. दोघांची गाठच पडेना. मग मुंगसांनी पक्ष्यांची आणि कासवांची अंडी खाऊन संसार केला. ज्या कामासाठी आणलं ते सोडून बाकी सगळं केलं, आणि बरं चाललंय. मी हिला म्हटलं, "बघ, आपला माणूस." पुढच्या अर्ध्या तासात ते भलतंच खरं ठरणार होतं.

गावात शिरताना बाईंनी गाडी जराशी हळू केली. "डावीकडे इमॅन्सिपेशन गार्डन. ३ जुलै १८४८ला गुलामांच्या मुक्तीची घोषणा झाली, त्याची आठवण. उजवीकडे स्वच्छतागृह." इतकंच. लाल रंगाचा फोर्ट क्रिश्चन, सतराव्या शतकातला, त्याच्यावरून तर आम्ही बोलता बोलता पुढे गेलो. बाईंना दोष देत नाही. त्यांच्या पणज्यांची ती कथा, त्यांना ती सांगायची असेलही. पण हातातल्या कागदावर त्या बागेला थांबा नव्हता आणि बाजारपेठेला अडीच तास होते. माणसं बाजारात विकली गेली त्या गावात आम्हाला फक्त घड्याळं दाखवायला नेत होते. मला हे तिथं बोलायला हवं होतं. मी काय बोललो? "स्वच्छतागृहाला किती वेळ?"

तर बाजारपेठ. नाव मेन स्ट्रीट, जुनं डॅनिश नाव ड्रॉनिंगेन्स गेड, म्हणजे राणीचा रस्ता. दोन्ही बाजूंना जुनी डॅनिश गोदामं, हातभर जाड दगडी भिंती, कमानीचे दरवाजे. आत पूर्वी व्यापाराचा माल, आता हिरे. दर दुसरं दुकान जवाहिऱ्याचं, आणि पाट्यांमागे उभी असलेली निम्मी माणसं सिंधी. मी शिरलो ते मोफत ब्रेसलेटसाठी, हे कबूल करतो. आदल्या रात्री बोटीवर एका 'खरेदी मार्गदर्शक' बाईंचं पाऊण तास व्याख्यान झालं होतं. त्यात बेटाच्या इतिहासाला एक वाक्य, टांझानाइट या निळ्या खड्याला अर्धा तास, आणि शेवटी कुपनं.

दारातच ही म्हणाली, "अहो, चला इथून. ते वाळूच्या जमिनीचं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पाहू." मी म्हटलं, "ब्रेसलेट घेतो, दोन मिनिटं." ही थांबली नाही. सरळ चालू लागली.

आणि काउंटरमागून आवाज आला, "काका, पुणे का मुंबई?"

मी चपापलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"काकू 'अहो' म्हणाल्या ना. 'अहो' म्हटलं की मराठी. गुजराती असत्या तर 'सांभळो छो' म्हणाल्या असत्या." गडी चाळिशीचा, गोरा, केस चापून बसवलेले. "मी उल्हासनगर. कॅम्प चार. बसा ना काका, एसीत बसा."

कॉलेजात असताना 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असं म्हणून आम्ही दात काढायचो. आणि हा पठ्ठ्या खरोखरच्या यूएसएच्या जमिनीवर उभा राहून मला थंड पाणी देत होता. कितीतरी दिवसांत हिच्याशिवाय कुणाशी मराठी बोललो नव्हतो, आणि हिच्याशीही बहुतेक गोळ्या घेतल्या का यावरच. मी विरघळलो. त्यानं विठ्ठलवाडी स्टेशनाची चौकशी केली, जणू ते त्याचे आजारी काका. "लोकलला गर्दी तशीच का हो?" मी पुण्याचा, विठ्ठलवाडीला जन्मात उतरलेलो नाही, तरी छातीठोक सांगितलं, "तशीच! उलट वाढली." त्याचे डोळे भरून आल्यासारखे झाले. की एसीमुळे, देव जाणे. अकरा वर्षं झाली म्हणाला. पावसाळ्यात वडापाव आठवतो म्हणाला. मीही काहीबाही आठवत बसलो, आणि या सगळ्यात माझ्यासमोर काळ्या मखमलीचा ट्रे नेमका कधी आला ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"काका, हा टांझानाइट. हिऱ्यापेक्षा हजार पट दुर्मीळ."

"मोजले कुणी?"

"कंपनी तसं सांगायला सांगते, काका." हा प्रामाणिकपणा तर फारच महागात पडला. "किलिमांजारोच्या पायथ्याशी सापडतो. १९६७ला सापडला. जगात दुसरीकडे कुठं नाही."

"आणि पैलू कुठं पाडतात?"

"आपल्याकडेच की. जयपूर."

म्हणजे दगड टांझानियाचा. तो जयपूरला पैलू पाडून घेणार, तिथून अमेरिकेच्या बेटावर येणार, तिथं उल्हासनगरचा माणूस तो पुण्याच्या माणसाला विकणार, आणि पुण्याचा माणूस तो परत भारतात नेणार. दगडाचा जेवढा प्रवास झाला तेवढा माझ्या अख्ख्या घराण्याचा झालेला नाही.

"कितीला?"

"तुम्ही मराठी म्हणून चारशे वीस."

"आकडा तरी बदला हो."

तो मनापासून हसला, आणि आकडा बदलला. दोनशे ऐंशी. मी दीडशे म्हटलं. तो खिन्न झाला. मग मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. तुळशीबागेत तीस वर्षं सौदे होताना पाहिलेत मी. "राहू द्या मग," म्हणायचं, उठायचं, आणि मागे न बघता चालू लागायचं. सहाव्या पावलाला हाक येते. आलीच पाहिजे.

सहा पावलं झाली. दार आलं. दार उघडून बाहेर आलो. हाक नाही. ऊन असं की डोळ्यांसमोर काजवे. शेजारच्या दुकानाच्या काचेतली घड्याळं बघत चार मिनिटं रेंगाळलो, जेणेकरून हाक मारणाऱ्याला सोपं जावं. नाही. सफारी यायला सव्वा तास होता, रस्त्यावर बसायला एक बाक नव्हता आणि प्रत्येक दारातला माणूस माझ्या छातीकडे बघून "गुड मॉर्निंग, सर!" म्हणत होता. तुळशीबागेतलं ते अस्त्र चालतं, कारण तिथून पुढे जायला दुसरं दुकान आणि प्यायला उसाचा रस असतो. इथं मी आपल्या पायांनी परत गेलो.

"या काका," तो मान वर न करता म्हणाला. "बाहेर ऊन फार."

मखमलीचा ट्रे त्यानं उचललासुद्धा नव्हता.

दोनशे चाळीसला सुटलो. "काका म्हणून" चाळीस कमी, असं तो म्हणाला. मी जिंकल्यासारखा कार्ड देऊन बसलो. पावती फाडण्याआधी त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, छातीकडे पाहिलं, आणि कोपऱ्यात पेननं १७ लिहून गोल केला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सहलवाल्यांचा हिशेब असणार तो. 'अहो' त्याला ऐकू आलं असेलही, पण त्याआधी त्यानं स्टिकर वाचला होता. तेवढ्यात दुसरं जोडपं आत आलं. बाई नवऱ्याला काहीतरी म्हणाल्या आणि हा, माझं कार्ड अजून हातात, अगदी त्याच चालीत, त्याच मायेनं म्हणाला, "सुरत के बरोडा, काका?"

मला तो 'काका' जास्त लागला. दोनशे चाळीस डॉलर एक वेळ विसरेन.

ही आली ती घामाघूम आणि प्रसन्न. सिनेगॉग १८३३ सालचं, आत जमिनीवर खरोखरीची वाळू, पावलांचा आवाजच होत नाही. चित्रकार पिसारो १८३०मध्ये या गावात जन्मला, ते घर याच रस्त्यावर, खाली दुकानं आहेत म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. आणि डॅनिश काळातला विटांचा जिना, ज्याला नव्व्याण्णव पायऱ्या म्हणतात, तो हिनं चढून मोजला. एकशे तीन भरल्या. "दोनदा मोजल्या," ही म्हणाली. "तुम्ही काय केलंत?"

मी डबी पुढे केली. हिनं उघडली, पाहिलं, मिटली. "मी काही मागितलं होतं का?"

शिवाय मोफत ब्रेसलेट. ते पितळेचं निघालं, त्याला नखाएवढी बोट लटकलेली. चौथ्या दिवशी मनगट हिरवं झालं.

म्हणजे एका तिकिटात स्थळदर्शन हिनं केलं, ते पायी आणि फुकट, आणि खरेदी मी केली. दीड वाजता सफारी आली. बाईंनी यादी काढली. मी स्टिकर ओढून काढला, तो निम्मा निघाला, निम्मा शर्टालाच राहिला.

"सेव्हन्टीन?" बाईंनी विचारलं.

मी समोर बघत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं. मी सावकाश वळून म्हटलं, "गुड मॉर्निंग."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "गुड आफ्टरनून," त्या म्हणाल्या, आणि मी म्हणेपर्यंत गाडी सुरू केली नाही.