तळ्यातील महाल पाहण्याची योग्य रीत

गेल्या महिन्यात उदयपूरच्या पिचोला तलावात नावेतून फिरताना एका सहप्रवाशाकडून मला जे शिक्षण लाभले, ते स्वतःपुरते ठेवणे स्वार्थीपणाचे होईल. म्हणून राजेमहाराजांनी भर पाण्यात बांधलेले महाल पाहायला निघणाऱ्या सर्वांसाठी या सूचना.

सर्वप्रथम, काहीही वाचून जाऊ नये. समोरचा पांढराशुभ्र जगनिवास महाराणा जगतसिंह दुसरे यांनी १७४३ ते १७४६ या काळात बांधला आणि १९६३ मध्ये त्याचे हॉटेल झाले, एवढे जरी आधी ठाऊक झाले, तरी ‘आत का सोडत नाही?’ या प्रश्नावर नावाड्याशी वीस मिनिटे हुज्जत घालण्याचा आनंद हातचा जातो. जयपूरच्या मानसागरातील जलमहाल काठावरून पाहून ‘एवढासाच?’ असे मोठ्याने म्हणावे. तलाव भरला की पाचपैकी चार मजले पाण्याखाली असतात, हे माहीत नसले तरच तो उद्गार मनापासून निघतो.

त्रिपुरातील रुद्रसागरात १९३८ मध्ये पूर्ण झालेला नीरमहाल मात्र टाळावा, कारण तेथे जाऊन आल्याचे सांगितल्यावर त्रिपुरा कोठे आहे हेही सांगावे लागते.

पिचोलातल्याच जगमंदिर या बेटावरील महालाच्या धक्क्यावरचे दगडी हत्ती आपण वर चढून बसावे यासाठीच घडवलेले आहेत. बापाविरुद्ध बंड करून आलेल्या शहाजादा खुर्रमला मेवाडच्या महाराणांनी याच बेटावर आसरा दिला होता. पुढे शहाजहान होऊनही त्याने येथे स्वतःचे नाव बदामासकट कोरल्याचे ऐकिवात नाही. ती उणीव आपण किल्लीच्या टोकाने भरून काढावी.

आता कचऱ्याविषयी. माझ्या सहप्रवाशाने वेफर्स संपल्यावर पाकिटाची व्यवस्थित घडी घातली, ती रिकाम्या बाटलीत कोंबली आणि झाकण घट्ट लावले. माणूस शिस्तीचा आहे, बाटली सोबत नेणार, असे वाटून मला इतके बरे वाटले की मी त्याच्याकडे पाहून हसलोसुद्धा. त्याच क्षणी त्याने ती बाटली तलावात भिरकावली. ‘अहो, हे काय?’ असे विचारल्यावर उत्तर आले, ‘साफ करायला माणसं असतात ना! आपण तिकीट काढलंय.’ तिकीट नाव फिरवून आणण्याचे होते, तलाव विकत घेतल्याचे नव्हते! हा तलाव निसर्गाने आयता दिलेला नाही. बांध घालून, पाणी अडवून तो घडवलेला आहे आणि त्याच पाण्यावर या शहराची तहान भागत आली आहे. त्यात बाटली टाकायची, गुटख्याची पिंक टाकायची, आणि नंतर पाण्याला वास येतो म्हणून नाकाला रुमाल लावायचा. मानसागरात जयपूरचे नाले वर्षानुवर्षे सोडले गेले, ती घाण वळवायला आणि गाळ उपसायला किती वर्षे आणि किती पैसा गेला! शतकानुशतके पाण्यात उभ्या असलेल्या त्या भिंतींनी दुष्काळ पाहिले, कोरडाठाक पडलेला तळ पाहिला. आता त्यांच्या पायाशी येऊन थडकते ती आपल्या वेफर्सची बाटली.

सूचना पुष्कळ आहेत, पण आता उपरोध पुरे. अहो महाशय, तुम्हाला पाहायचे नव्हते तर आलात कशाला? नाव डुलत असताना तुम्ही व्हिडिओसाठी उभे राहिलात, लाइफ जॅकेट काढून बायकोच्या मांडीवर टाकलेत, नावाड्याने तीनदा बसायला सांगितले तेव्हा त्यालाच दरडावलेत. तुमच्या पाठीमागे बसलेल्या आजी मान वाकडी करून करून महाल शोधत होत्या. आणि ज्याला तुम्ही ‘ए’ म्हणून हाक मारलीत, त्या म्हाताऱ्या नावाड्याने तुमची बाटली काढण्यासाठी नाव वळवली, ओणवे होऊन ती पाण्यातून उचलली आणि स्वतःच्या पायाशी ठेवली, तेव्हाही तुम्ही मोबाइलकडे पाहून हातच हलवत होता.